चव घेणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या कँटीनमध्ये दादांनी चाखल्याशिवाय एकही पातेलं स्वयंपाकघराबाहेर पडत नसे. दिव्यांच्या कारखान्याचं कँटीन आमचं. पाळ्यापाळ्यांनी माणसं जेवायला येतात, आणि भुकेल्या माणसाइतका कडक परीक्षक जगात दुसरा नाही. मी काउंटरवर बसते, कुपनं घेते, रांग मोडणाऱ्यांना चार शब्द सुनावते. माझ्या पाठीमागच्या खिडकीतून सगळं स्वयंपाकघर दिसतं, त्यामुळे दादांची गोष्ट सांगायचा पहिला हक्क माझा. कांदे चिरणाऱ्या मावशींना वाटतं तो त्यांचा आहे. वाटू दे.

दादा म्हणजे आमचे मुख्य आचारी. त्यांची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणायची, ते ऐकून सगळा कारखाना म्हणायला लागला, अगदी त्यांच्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा. माणूस अंगाने चांगलाच भरलेला. कोठीघराच्या अरुंद दारातून त्यांना आडवं होऊन आत जावं लागे, आणि हातात परात असली की आधी परात जायची, मग दादा, मग त्यांचं पोट. हा विनोद माझा नाही, त्यांचाच आहे. स्वतःच्या पोटावर विनोद करायची त्यांना सवय होती, म्हणजे दुसऱ्याला करायची वेळच यायची नाही.

चाखण्याचा नियम फार जुना. मी यायच्या आधी एकदा म्हणे रश्श्यात दोघांनी दोनदा मीठ टाकलं होतं. पहिल्या घासाला सगळी पाळी ताटं आपटून उठून गेली. तेव्हापासून दादांनी कानाला खडा लावला, की मी चाखेन तेव्हाच पातेलं उतरेल. आणि चाखायचं ते चमच्याने जिभेवर थेंब टेकवून नाही. छोटी वाटी भरून घ्यायची, पाव मोडून त्यात बुडवायचा आणि नीट चावून खायचा. चमच्याने जिभेला कळतं, पण कामगार काही जिभेने जेवत नाही, पोटाने जेवतो, असं ते नव्या माणसाला शिकवायचे. मसाला पडला की एक वाटी, भाजी शिजत आली की एक वाटी, उतरवायच्या आधी एक वाटी. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. आमचे दादा ती वाटीभर भातावरून करायचे.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ते काम होतं. लोहाराच्या अंगावर ठिणगी उडते, तशी आचाऱ्याच्या तोंडात वाटी जायची.

दादांचं लग्न राहून गेलं होतं. आईवडील लवकर गेले तेव्हा बहीण शाळेत होती. तिला त्यांनीच वाढवलं. ती पुढे एका छापखान्यात पुस्तकं बांधायला लागली. बोटांना कायम खळीचा वास, आणि स्वभावाने भावापेक्षा दुप्पट तिखट. एका सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. ती कधी कँटीनमध्ये आली की खिडकीशी उभी राहून माझ्याशी गप्पा मारायची आणि आतल्या भावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याची उणीदुणी काढायची. मला ती फार आवडायची.

तिच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी झाल्या. आधी पाय सुजायचे, मग धाप लागायला लागली. पुढे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन डायलिसिस करून घ्यायचं, म्हणजे यंत्रातून रक्त साफ करून घ्यायचं, आणि मरगळून घरी यायचं. भावाची किडनी तिला जुळते असं निघालं तेव्हा दादांनी कँटीनमध्ये सगळ्यांना गोड खाऊ घातलं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि सांगितलं, की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही. ऑपरेशन तुमच्याच जिवावर बेतेल, आणि उरलेल्या एका किडनीवर या देहाचा भार पडेल. वीस किलो उतरवा, मग तारीख देतो.

दादा उड्या मारतच परत आले. मला म्हणाले, "वजनच ना? मला वाटलं काही अवघड सांगतात की काय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बस सोडली. घरापासून कारखाना चांगला लांब. पहिल्यांदा आले तेव्हा घामाने सदरा पिळून काढावा लागला, आणि मावशींनी त्यांना भट्टीजवळ जायची बंदी केली. पण दादा हटले नाहीत. चालत यायचे, चालत जायचे. संध्याकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. दोरीवरच्या उड्या सुरू केल्या, तेव्हा खालचा सायकलवाला वर येऊन हात जोडून म्हणाला की माझ्या छताचा विचार करा. मग त्यांनी उड्या सोडून जिने धरले. घरचं जेवण निम्म्यावर आणलं. पुढे तर दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसायचो, तेव्हा दादांच्या ताटात काकडी आणि मूठभर भात असायचा. आम्हाला घास गिळायची लाज वाटायची.

पहिल्या दोन महिन्यांत वजन थोडं उतरलं. पट्ट्याला नवं भोक पाडलं, ते त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. मग काटा जो अडला तो अडलाच. चालणं वाढवलं तरी हलेना. एका महिन्यात तर उलटा किलोभर वर गेला. धाप लागायची थांबली होती, जिना चढताना ते बोलू शकत होते, पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि वजन मात्र तिथल्या तिथे.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना बसवून सगळं विचारलं. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय. दादांनी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, की तुम्ही सांगता एवढंच खात असाल तर एवढ्या चालण्यावर वजन उतरलंच पाहिजे. काहीतरी सांगायचं राहतंय. चालण्याने हृदय सुधारतं, दम वाढतो, ते सोडू नका. पण वजन मुख्यतः तोंडाशी उतरतं, पायाशी नाही. तासभर चालून जे जळतं ते दोन पावांत परत येतं.

दादा परत आले ते धुमसतच. म्हणाले, आयुष्यात खोटं बोललो नाही, आणि काल शिकून आलेली पोर मला चोर ठरवते. त्या रागात त्यांनी मैदानाच्या फेऱ्या आणखी वाढवल्या. आता मागे वळून पाहिलं की मला कळतं काय होत होतं. चालून चालून पोटात कावळे ओरडायचे, घरी तर उपासच, मग पहाटे स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की चाखायची वाटी आपोआप शिगोशिग भरायची. आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. रोज डोळ्यांसमोर असतं ते कोण बघतं?

आणि एक डबा होता. धाकटीला मीठ जवळजवळ बंद होतं, कितीतरी भाज्याही वर्ज्य. दादा कँटीनचं काम आटोपून तिच्यासाठी वेगळं करायचे, छोट्या पातेल्यात. लसूण भाजून घाल, लिंबू पिळ, जिरं जाळून बघ, असं करत आणि चाखत चाखत त्या अळणी अन्नात ते कुठून तरी चव आणायचे. डायलिसिसहून आलेली ती दुसरं काही तोंडात धरू शकत नव्हती, पण दादाचा डबा संपवायची. मला म्हणायची, "मीठ नसलं तरी चालतं हो. दादाने आधी खाल्लंय हे जिभेला कळतं."

अशात जवळजवळ वर्ष गेलं. मग रक्ततपासणीचा दिवस आला. दादा सुईला भितात. एवढा मोठा माणूस, उकळत्या तेलात हात घालेल, पण सुई पाहून डोळे मिटतो. म्हणून सोबतीला मी गेले. रात्रीपासून काही खायचं नाही असं बजावलं होतं. पहाटे त्यांनी कँटीनला येऊन सकाळच्या पाळीचा नाश्ता काढला, आणि तिथून आम्ही दोघं तपासणीच्या खोलीत.

तिथल्या मुलीने बोटातून थेंब घेतला, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा घेतला. मग विचारलं, "काही खाऊन आलात का?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही," दादा म्हणाले.

मुलीचा चेहरा उतरला. उपाशीपोटी साखर एवढी असेल तर मधुमेह धरावा लागेल, आणि मधुमेह असेल तर किडनी देता येणार नाही, असं ती चाचरत म्हणाली. दादा पांढरेफटक पडले. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला ती सकाळ दिसत होती: खिडकी, वाफ, दादांच्या हातातली वाटी, पाव.

"दादा," मी म्हटलं, "सकाळी ती बटाट्याच्या रश्श्याची वाटी?"

"ती? ती चव घेतली."

"आणि गोड खिरीची?"

"अहो बाई, तीही चवच. चव घेणं म्हणजे खाणं नव्हे."

एवढ्या निरागसपणे म्हणाले, की त्या मुलीलाही हसायचं की रडायचं कळेना. तिने त्यांना परवा खरोखर उपाशी यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी साखर बरोबर निघाली, मधुमेह नव्हता. पण तिथून परतताना बसस्टॉपवर दादा माझ्याशी भांडले. तीस वर्षं हे काम करतोय, घामाच्या कामाला खाणं म्हणता, असं आणि तसं. मी म्हटलं, भांडू नका, उद्या दाखवते.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या दुधाची रिकामी बरणी त्यांच्या ओट्यावर ठेवली. अट एकच. जेवढी वाटी तोंडात जाईल, तेवढीच दुसरी या बरणीत. पावाचा तुकडा खाल्ला की तेवढाच तुकडा. सगळ्यांना गंमत वाटली. मावशी तर प्रत्येक वाटीला मोठ्याने ओरडून मला सांगत होत्या. नाश्ता झाला, दुपारचं झालं. दुपारचे लोक जेवून गेले तेव्हा बरणी गळ्यापर्यंत आली होती. आत रस्सा, भात, डाळ, खीर, पाव, सगळं एकात एक झालेलं, वर तेलाचा थर. संध्याकाळच्या पाळीचं अजून चढायचं होतं.

कुणी हसलं नाही. दादा बटाट्याच्या पोत्यावर बसले आणि बरणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मी रोज जेवतो?"

"जेवणाच्या आधी," मावशी म्हणाल्या. त्यांना गप्प बसता येत नाही.

"आणि मी वर्षभर मैदानाला प्रदक्षिणा घालत बसलो." थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या आहारवाल्या बिचारीला मी तोंडावर खोटारडी म्हटलं नाही एवढंच. मनात म्हटलं."

त्या दिवसापासून दादांनी चाखणं सोडलं. चाखायचं काम मावशींकडे गेलं, त्याही चमच्याच्या टोकाने. दादा वासावरून ठरवायचे, रश्श्याचा रंग आणि उकळीचे बुडबुडे बघून ठरवायचे. सुरुवातीला कामगारांनी बरीच कुरकुर केली. पण काटा हलला. चालणं तेच, ताट तेच, फक्त वाट्या गेल्या, आणि वजन दर आठवड्याला थोडं थोडं उतरायला लागलं. आहारतज्ज्ञ बाईंपुढे त्यांनी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वर्षभराचं चालणं फुकट गेलं असं समजू नका, त्यामुळेच आता अंग साथ देतंय, पण एका हाताने टाळी वाजत नाही.

दादा मात्र आता दुसऱ्या टोकाला गेले होते. तोंडात काही म्हणून काही घालायचं नाही. त्यात धाकटीचा डबाही आला. तिचं अळणी अन्न ते न चाखता शिजवायला लागले.

तिला पहिल्याच दिवशी कळलं. मी तिला भेटायला गेले होते तेव्हाची गोष्ट. ती उशीला टेकून बसली होती, हात काडीसारखे झालेले. एक घास घेतला आणि भावाकडे बघून म्हणाली, "आज तू चाखलं नाहीस."

दादांनी हसण्यावारी नेलं. म्हणाले, आता किडनीच देतोय, चव कशाला मागतेस. तीही हसली. पण पुढे डबा अर्धा परत यायला लागला, मग पाऊण. तिला जेवण जात नव्हतं हे दुखण्यामुळेही असेल. डॉक्टर तसंच म्हणाले. मला वैद्यकातलं कळत नाही.

अठरा किलो उतरले. दोनच राहिले. कोठीच्या दारातून दादा सरळ चालत जायला लागले होते, आणि पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच दिवसांत एका दुपारी मी पुन्हा धाकटीकडे गेले. दादा डबा घेऊन आलेले. तिने झाकणात भात काढला, थोडी भाजी घेतली आणि घास करून त्यांच्यापुढे धरला.

"दादा, बस इथे. एक घास खा माझ्याबरोबर. एकटीला जात नाही."

"अगं, परवा काट्यावर उभं राहायचंय."

"एका घासाने काय होतंय?"

"वर्षभर मी हेच म्हणत होतो, एका वाटीने काय होतंय," दादा म्हणाले. "दोन किलो राहिलेत धाकटे. मग आयुष्यभर एका ताटात जेवू."

तिने हात मागे घेतला. तो घास तिने स्वतः खाल्ला की तसाच ठेवला, ते मी पाहिलं नाही. मी त्या वेळी दादांकडे कौतुकाने बघत होते. काय निश्चयाचा माणूस, असं मला वाटत होतं.

वीस किलो उतरले. डॉक्टरांनी पाठ थोपटली, दोघांच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि तारीख दिली. कँटीनमध्ये पुन्हा गोड झालं, दादांनी ते न खाता वाटलं. तारखेच्या आधी चार दिवस धाकटीला ताप भरला. डायलिसिसची नळी घातली होती तिथून जंतू रक्तात गेले. डॉक्टर म्हणाले, ताप उतरू दे, मग ऑपरेशन. ताप उतरला नाही. दादा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, त्यांची निरोगी, मापात बसलेली, द्यायला तयार असलेली किडनी पोटात घेऊन. धाकटी गेली, आणि किडनी तशीच पोटात राहिली.

मला याचा राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही. वर्ष वाया गेलं नसतं तर तारीख केव्हाच मिळाली असती, ती चांगली हिंडतीफिरती होती तेव्हाच. बरणी मी वर्षभर आधी ठेवली असती तर, असंही येतं मनात. पण बैल गेला नि झोपा केला, त्याला काय अर्थ आहे.

दादा कामावर परत आले. आता ते अगदी सडपातळ आहेत, जुने सदरे त्यांना हँगरवर टांगल्यासारखे दिसतात. कारखान्यात नवीन आलेल्या लोकांना ते जाड होते हे खरं वाटत नाही. जुने लोक मात्र काउंटरशी थांबून त्यांना विचारतात, दादा, काय जादू केलीत, आम्हालाही सांगा की. साहेब लोकसुद्धा विचारतात, पोटावरून हात फिरवत. दादा म्हणतात, चालतो आणि बेताने खातो, दोन्ही लागतं. एवढंच. विचारणारा खूश होऊन जातो आणि वाढप्याकडून भात जास्त घेतो. त्यांना कसं कळावं, की आपण ज्याची तारीफ करतो ती चीज त्या माणसाने कुणासाठी कमावली होती आणि ती कुणाच्याच कामी आली नाही.

चाखणं त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. मावशीच चाखतात.

परवा दुपारची पाळी जेवून गेल्यावर दादा माझ्या काउंटरवर आले. हातात तिचा डबा होता. झाकण उघडलं. आत भात आणि भाजी, लसणाचा वास, वर लिंबू पिळलेलं. ते स्टूल ओढून बसले, एक घास केला आणि खाल्ला. सावकाश चावला, पहिल्यासारखा.

"मीठ नाही," ते म्हणाले. "पण बरं झालंय."

मी कुपनांचा गठ्ठा बाजूला सारला.

"बाई, तुम्ही हिशोबी माणूस," ते म्हणाले. "खरं सांगा. त्या दिवशी मी तिच्या हातचा घास घेतला असता, तर काटा किती हलला असता?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि या वेळी फार वाटलं की यावं.

"नसता हलला, दादा," मी म्हटलं. "एका घासाने काही होत नाही."

त्यांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं.

"तीही हेच म्हणत होती," ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या पाळीचे कांदे निघालेत का ते बघायला आत गेले.